भट्टीपासून तीन महिने

३ जून

ती. वहिनी,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुमच्या नावाआधी ‘सौ.’ लिहावं की ‘श्रीमती’, यात दोन पाकिटं वाया गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. सव्वीस वर्षांनी दिराचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटून तुम्ही उभ्यानंच फोडलं असेल. कोणी गेलेलं नाही. आईला जाऊन बारा वर्षं झाली, ते कानावर आलंच असेल. दादा ठणठणीत आहे. बसा आता.

पत्ता शिलाई मशीनच्या दुकानदाराकडून मिळवला. आमच्या भागातला माणूस, तुमच्या शिवणवर्गाला मशीनं पुरवतो. त्याच्या बोलण्यात ‘त्या बाई कापड न मोजता कापतात आणि चूक होत नाही’ असं आलं आणि मी कान टवकारले. अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे.

आमचं चाललंय. बेकऱ्यांच्या भट्ट्याच बनवतो अजून. तुम्ही पाहिलेली पत्र्याची शेड आता सामान ठेवायला आहे, शेजारी मोठा कारखाना झाला, एकशे ऐंशी माणसं आहेत. दादा अजून रोज येतो. पत्रा तापवायच्या भट्टीवर नाही, तिथे आता यंत्र आहे. तो तयार माल तपासतो. माझी दोन्ही मुलं कारखान्यात माझ्याबरोबरच आहेत. धाकटा तुम्ही गेल्यावर झाला.

पत्राचं कारण वेगळं आहे. वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारं एक मंडळ आहे, त्यात मला घेतलंय. दहा विद्वान आणि एक ‘सामान्य सदस्य’, तो मी. अर्ज वाचायचा आणि साध्या माणसाला कळतो का ते सांगायचं, एवढंच काम. म्हणजे मला काही कळत नाही या गुणावर मिळालेली ही माझी पहिली नेमणूक. परवा चहाच्या वेळी एक प्राध्यापक दुसऱ्याला हळूच म्हणाला, “सामान्य सदस्याचा उपयोग आहे हो, बिस्किटं उरत नाहीत.” खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो मी. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. मी आणखी एक बिस्कीट घेतलं.

यंदा तेविसाव्या नंबरचा अर्ज आला. पुरुषांचा आहार, शरीरातलं चयापचय म्हणजे खाल्लेल्याचं जळण कसं होतं ते, आणि त्याचा मूल होण्याच्या ताकदीशी असलेला संबंध. विषय वाचून आधी मी दार लावून घेतलं. मग चारदा वाचला. त्यात लिहिलंय की जोडप्याला मूल होत नाही तेव्हा जवळपास निम्म्या वेळा कारण पुरुषाकडेही असतं, तरी तपासणी बाईपासून सुरू होते, फाईल बाईच्या नावाची उघडते, आणि पुरुषाचा कागद आलाच तर तो तिच्याच फाईलमध्ये लावतात.

तिथे मी थांबलो. तुमची ती फिकट निळी फाईल डोळ्यांसमोर आली.

या अर्जाला किती गुण द्यावे, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं. खोटं काय आणि खरं काय, हे घरात तुम्हालाच पहिल्यांदा कळायचं. एवढ्यासाठीच लिहिलं. दुसरं काही नाही.

तुमचा
धाकटा दीर

१९ जून

ती. वहिनी,

उत्तर नाही आलं. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण हे कोणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, “जेवताना नको.”

आम्ही चार सदस्य त्या अर्जदार बाईंची प्रयोगशाळा बघायला गेलो होतो. बाई चाळिशीच्या, काटकुळ्या, बोलताना पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. आम्ही जिन्यात होतो तेव्हा त्या वरच्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून भाषणाची तालीम करत होत्या. “हा लाजेचा विषय नाही, हा विषय लाजेचा नाही.” कोणतं बरं वाटतं ते पाहत होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं खोकलो.

आधी त्यांनी एक खोली दाखवली. पलंग, टेबल, खुर्ची, खिडकीला जाड काच, आणि दार असं बसणारं की हवासुद्धा विचारल्याशिवाय आत जाणार नाही. माणसाला मोजून जेवण देऊन चोवीस तास त्यात ठेवतात. आत जाणारी हवा मोजतात, बाहेर येणारी मोजतात, आणि त्यावरून सांगतात की या माणसानं आज किती जाळलं, त्यात साखर किती, चरबी किती. वहिनी, आम्ही जन्मभर भट्टीच्या धुराड्याकडे बघून आत काय जळतंय ते ओळखत आलो. या बाई माणसाचं धुराडं वाचतात! मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आतला तरुण पुस्तक वाचत होता. नुसता बसलेला माणूस, आणि पडद्यावर त्याच्या जळण्याची रेघ चाललेली.

मग सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. काय ते तुम्ही समजून घ्या, दीर-भावजयीत ते लिहायला माझं पेन अडतं. पण अडलं तरी लिहितो. रात्री आकाशात ढग नसताना जेवढे तारे दिसतात तेवढे ठिपके, आणि प्रत्येक पळतोय. शेपूट हलवत, धडपडत, एकमेकांना चुकवत. बाई म्हणाल्या, “एक तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात. आणि काम अखंड चालू असतं. तुमच्या छातीचा एक ठोका पडतो तेवढ्यात हजारभर तयार होतात.”

मी विचारलं, “देखरेख कोणाची?”

“कोणाचीच नाही.”

“आणि रद्दी किती निघते?”

त्या हसल्या. “पुष्कळ. पण थांबत नाही.”

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. हा कारखाना शरीराच्या बाहेर टांगलेला का असतो, माहीत आहे? गारव्यासाठी. आतल्यापेक्षा दोन-चार अंश कमी लागतात. जास्त झाले की माल बिघडतो. आमच्या भट्टीत वीस अंश इकडेतिकडे झाले तरी पाव भाजून निघतो, आणि तिथे दोन अंशांचा हिशेब! इतका नाजूक बेत कोणी आखला असेल आणि किती काळ लागला असेल, या विचारानं मी परत येताना गाडीत कोणाशी बोललो नाही.

एक राहिलंच. निघताना कोपऱ्यातल्या मोठ्या शीतपेटीचा आवाज मला खटकला. म्हटलं, “बाई, ही खोकतेय. आतलं बेअरिंग जायला आलंय.” कपाळाला कायम आठी असलेले आमचे ते बिस्किटवाले प्राध्यापक म्हणाले, “आपण यंत्र तपासायला आलेलो नाही.” बाईंचा काल फोन आला. मेकॅनिकनं उघडून पाहिलं, चार दिवसांत बंद पडली असती आणि सहा वर्षांचे नमुने गेले असते. बाईंचा आवाज ओला होता. मला उगाचच लाज वाटली.

तुमचा
धाकटा दीर

८ जुलै

ती. वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. ‘पत्रं मिळाली. अर्जाला पूर्ण गुण द्या. भट्टीच्या उष्णतेबद्दल अजून लिहा. गोड बोलू नका.’ चार वाक्यं. टाका घालून दोरा तोडावा तसं. अक्षर तेच आहे.

अर्जदार बाईंची मुलाखत झाली. माझ्याकडून पूर्ण गुण होतेच, इतरांचेही बरे होते. पण आठीवाल्या प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला आणि सगळं अडलं. “पुरुष आणणार कुठून?”

बाईंनी खरं सांगितलं, हे त्यांचं चुकलं की बरोबर ते ठरवा. गेल्या खेपेला त्यांनी दोनशे नवऱ्यांना पत्रं पाठवली. आले अकरा. एकशे चाळीस ठिकाणी बायकाच आल्या आणि म्हणाल्या, “त्यांना वेळ नाही, माझंच काय ते तपासा.” एक तर म्हणाली, “ते आले तर लोक काय म्हणतील? मी आले तर काही म्हणत नाहीत, मला सवय आहे.”

मग अध्यक्षबाईंनी निर्णय दिला. ऑक्टोबरच्या बैठकीपर्यंत चाळीस पुरुष स्वतःहून आले तर अनुदान, नाही तर अर्ज बाद. आणि बाद झाला की प्रयोगशाळेची ती खोली दुसऱ्या विषयाला जाते, हे बाईंनी मला बाहेर सांगितलं. टोपण काढायचं आणि लावायचं त्या विसरल्या होत्या.

माझ्याकडे एकशे ऐंशी पुरुष आहेत. त्यातले सत्तर-पंच्याहत्तर उष्णतेचं काम करतात. मी माझा कारखाना देऊ केला तर मंडळाच्या नियमाप्रमाणे मला सदस्यपद सोडावं लागेल. ते सोडीन, बिस्किटं घरीही आहेत. पण मालकानं सांगितलं म्हणून आलेला माणूस बाईंना चालत नाही, तो स्वतःहून आला पाहिजे. आणि आमची माणसं एकाचंच ऐकतात, दादाचं. दादा उभा राहून म्हणाला पाहिजे की मी तपासून घेतलं होतं, त्यात मरण येत नाही.

दादाला वाटतं, त्याच्या तपासणीत काही दोष निघाला नव्हता.

उष्णतेबद्दल लिहा म्हणालात. लिहितो. दोन दिवस द्या.

११ जुलै

वहिनी,

ही चौथी प्रत आहे. पहिल्या तिन्हींत मी बरा माणूस निघत होतो.

तुमची सगळी तपासणी होऊन काही सापडलं नव्हतं. मग डॉक्टरांनी हट्ट धरला आणि दादा एकदाचा तयार झाला. नमुन्याची बाटली मीच सायकलवरून नेली, ऊब राहावी म्हणून शर्टाच्या आत. तेव्हा आपण तिघंही हसलो होतो. आठवड्यानं फाईल आणायला मी गेलो, कारण दादा भट्टी सोडून येऊ शकत नव्हता. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी दादाचं पान वाचलं. दोष होता. मी पान ओढून काढलं. घरी येऊन आईला, दादाला, तुम्हाला सांगितलं की त्याचं सगळं ठीक आहे, पुन्हा यायची गरज नाही. मग आईचं तोंड सुटलं, ते दीड वर्ष. दादा गप्प. तुम्ही गेलात.

इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आलो की मी भावाची लाज राखली. अडाणी वयात माणूस असं करतो. हे पत्रही तिथेच संपवता आलं असतं.

पण पानावर खाली डॉक्टरांच्या हातानं आणखी लिहिलेलं होतं. ‘उष्णतेच्या कामापासून तीन महिने दूर. आहार सुधारावा. पुन्हा तपासणी. आशा आहे.’

मला वाचता येत होतं, वहिनी. कळलंही होतं. त्याच आठवड्यात मोठ्या पाव-कारखान्याच्या सहा भट्ट्यांचं काम आपल्याला मिळालं होतं. पोलादाचा पत्रा तापवून वाकवणारा हात एकच होता, दादाचा. तो तीन महिने बाजूला झाला असता तर काम गेलं असतं. मी जिन्यात उभा राहून हे दोन्ही तोलले. फार वेळ लागला नाही. ते पान मी दादाच्याच भट्टीत टाकलं, तो पाठमोरा असताना.

सत्तर दिवसांत नवा माल तयार होतो, हे ऐकून मी परतीच्या गाडीत का गप्प होतो, ते आता कळलं असेल. शरीर एवढं उदार आहे की झालेलं नुकसान विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. फक्त तेवढे दिवस कोणीतरी द्यावे लागतात. मूल झालंच असतं असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. आशा आहे म्हणाले होते. ती मी जाळली.

माफी मागत नाही. ती मागायची तर देणाऱ्यावर बोजा पडतो.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला.

२ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. मी ते शेडमध्ये जाऊन वाचलं, पत्र्याच्या ढिगावर बसून.

तुम्ही लिहिता, ‘पान फाडलेलं मला त्याच दिवशी दिसलं होतं. फाईलच्या दोऱ्यात कागदाची चिंधी अडकली होती. शिवणाऱ्या बाईला उसवलेलं दिसत नाही होय? फाईल माझ्या नावाची, म्हणून पान माझंच असणार, असं मी धरलं. त्यात माझ्याबद्दल काहीतरी फार वाईट लिहिलेलं असेल आणि तुम्ही दया येऊन ते काढलंत, असं वाटलं. त्या घरात माझ्यावर एकट्या तुम्हीच दया केलीत, असं सव्वीस वर्षं मानत होते. सासूबाईंना, ह्यांना, सगळ्यांना मनात बोल लावला. तुम्हाला नाही.’

वहिनी, मी कामगार संघटनेच्या शिव्या खाल्ल्या आहेत, बँकेच्या पायऱ्यांवर अपमान गिळला आहे. हे वाचून मात्र उठता येईना.

शेवटी लिहिलंत, ‘ह्यांना सांगा. आधी त्यांना, मग कारखान्याला. माझ्याबद्दल काय वाटायचं ते मी सावकाश ठरवीन.’

त्याच दुपारी सांगितलं. दादा तयार भट्टीच्या दाराची बिजागरी तपासत होता. मी सगळं सांगितलं, जिन्यापासून भट्टीपर्यंत. खालच्या ओळीसकट. तो दार उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, “तीन महिने?”

“हो.”

“कुठलं काम होतं ते?”

“पाव-कारखान्याच्या सहा भट्ट्या.”

त्यानं बिजागरीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, “चांगल्या झाल्या होत्या त्या. अजून चालतात.”

मला वाटलं, आता हात उचलेल. उचलावा असं वाटत होतं. त्यानं बिजागरीला तेल दिलं, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, “तिला सांगितलंस?”

“आधी तिलाच.”

“बरं केलंस.” आणि मग, “तू चुकलास. पण तू पान काढलंस, तोंड माझंही होतं. आई बोलत होती तेव्हा मी काय करत होतो?”

चौसष्ट वर्षांचा माणूस, वहिनी, निम्मं बोट यंत्रात गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. मी त्याच्याकडे त्या दिवशी बघत राहिलो, जसा त्या पडद्याकडे बघत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. डबा वेगळा बसून खातो. ते योग्यच आहे.

२६ ऑक्टोबर

वहिनी,

मंडळाची बैठक काल झाली. मी आत नव्हतो. ऑगस्टमध्येच राजीनामा दिला, बाहेरच्या बाकावर बसून होतो. पण आधीचं सांगतो.

दादानं जेवणाच्या सुट्टीत माणसं जमवली. बाई भाषण पाठ करून आल्या होत्या. दादा म्हणाला, “थांबा, आधी मी.” त्याला भाषण येत नाही. तो म्हणाला, “मी वीस वर्षं भट्टीपुढे उभा होतो. माझ्यात दोष होता. बायकोत नव्हता. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करूनही घेतलं नाही. घर तिच्यावर बोललं आणि मी ऐकून घेतलं. तुमच्यातल्या कोणाच्या घरी असं चाललं असेल तर आज संध्याकाळी बंद करा. झालं.”

मागून एकजण ओरडला, “दादा, लाज नाही वाटली हे सांगायला?” चेष्टेनंच ओरडला.

“सव्वीस वर्षं वाटायला हवी होती,” दादा म्हणाला. “आता उरली नाही.” आणि बाईंच्या टेबलासमोर पहिला जाऊन उभा राहिला. बाई हळूच म्हणाल्या, “दादा, अभ्यास पन्नाशीपर्यंतच्या माणसांचा आहे.” तो म्हणाला, “मोजू नका मला. नुसता उभा राहतो. पहिला उभा राहायला कोणी नसतं.”

मग पत्रे कापणारा आला. मग रंगवाले दोघं भाऊ, एकमेकांना कोपरानं ढकलत. मग तो चेष्टा करणारा. मी वरच्या खिडकीतून बघत होतो, मालक खाली दिसायला नको म्हणून. रांग दारातून बाहेर गेली, शेडला वळसा घालून मला दिसेनाशी झाली. माझ्याच माणसांना मी इतकी वर्षं ओळखत नव्हतो. संध्याकाळपर्यंत एकसष्ट नावं झाली, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे नमुनेही दिले.

काल अनुदान मंजूर झालं, तीन वर्षांचं. दार उघडून आठीवाले प्राध्यापकच सांगायला आले. म्हणाले, “आत बिस्किटं उरली आहेत.” पहिल्यांदाच त्यांची आठी गेलेली पाहिली. बाई जिन्यात उभ्या होत्या. या वेळी काही म्हणत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या.

तुमचं कार्ड दादाला दिलं. ‘यायचं असेल तर गुरुवारी या. गुरुवारी वर्ग नसतो.’ त्यानं ते चार वेळा वाचलं आणि खिशात ठेवलं. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाला. तुम्ही मला बोलावलेलं नाही, ते मी कार्डात शोधून पाहिलं होतं.

“काय बोलशील तिथे?” मी विचारलं.

“काही नाही. ती बोलेल, मी ऐकेन. तेव्हा तेवढंच करायचं राहिलं.”

दादा गुरुवारी दुपारच्या बसनं येतोय. पत्त्यावर दुसरा मजला लिहिलाय म्हणून सांगून ठेवतो. भट्टीनं त्याचे गुडघे गेले आहेत, दर चार पायऱ्यांवर थांबतो. खाली दाराचा आवाज होऊन बराच वेळ कोणी वर आलं नाही, तर परत गेला असं समजू नका.